रात्रीचं लँडिंग

(मंडळाच्या 'छंद' या विषयावरच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



या कार्यक्रमासाठी फोन आला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या घरात विमान आहे म्हणे?" तर आधी खुलासा करतो. विमान नाही, विमानाचं फक्त नाक आहे, आणि तेही प्लायवूडचं. शारजातल्या आमच्या फ्लॅटची दुसरी बेडरूम त्याने खाल्ली आहे. पाहुणे आले की ते बोइंग ७३७ च्या मागे गादी टाकून झोपतात. आमच्या हिने याला किती वेळा हरकत घेतली ते इथे सांगत नाही, कारण ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आपल्यातल्याच कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते वांद्रे-कुर्ला संकुलात डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्यापुढे आमचं काम म्हणजे भातुकली. पण भातुकलीलाही परंपरा आहे बरं का! १९२९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन लिंक याने वैमानिकांना शिकवण्यासाठी जमिनीवरचं विमान बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, म्हणून ते विमान डोलवायला त्याने ऑर्गनचेच भाते वापरले. म्हणजे आमचा सिम्युलेटर नात्याने संगीत नाटकातल्या पायपेटीचा भाचाच लागतो.

आता मुद्द्यावर येतो. कॉकपिटमध्ये जो थ्रॉटलचा दांडा असतो, त्याच्या खाली एक पोटेन्शिओमीटर बसवलेला असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आठवा, तीच वस्तू. दांडा हलला की त्यातून येणारं व्होल्टेज शून्य ते पाचच्या दरम्यान बदलतं. आर्दुइनो नावाचं एक छोटं कार्ड ते व्होल्टेज मोजून ० ते १०२३ मधला एक आकडा काँप्युटरला देतं. शून्य म्हणजे इंजिन आयडलवर, १०२३ म्हणजे पूर्ण जोर. एवढंच विज्ञान आहे.

मागच्या हिवाळ्यात बाबा साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आले होते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. दोन दिवस त्यांनी या प्रकाराकडे संशयाने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कॅप्टनच्या खुर्चीत बसले ते उठेनात! मुलगा शाळेतून आला की दुपारी तो उडवायचा, रात्री जेवण झालं की बाबा. दुबईहून निघायचं आणि पुण्याला लोहगावला उतरायचं, हा त्यांचा ठरलेला मार्ग.

पण बाबांचं विमान धावपट्टीवर थांबेना. लोहगावची धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची. विमान नीट टेकायचं, ब्रेक दाबलेले असायचे, तरी ते सरळ पुढे कुंपणात. मुलाचं मात्र दुपारी व्यवस्थित थांबायचं. तो म्हणाला, "आजोबांना रात्री धावपट्टी दिसत नाही." आदल्या वर्षीच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मीसुद्धा म्हणालो, "बाबा, तुम्ही दिवसा बसत जा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते जेवण झालं की सरळ टीव्हीसमोर बसू लागले.

आठवड्याने एका रात्री मी स्वतः बसलो आणि माझंही विमान कुंपणात गेलं. माझ्या डोळ्यांना तर काही झालेलं नव्हतं.

मग मी काय केलं? जे आयटीवाला करतो तेच. ड्रायव्हर काढले, परत टाकले. यूएसबीचं पोर्ट बदललं. विंडोजमधलं वीज वाचवणारं सेटिंग बंद केलं. दोन रात्री गेल्या. शेवटी बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रात्री वेगळं काय करतोस, ते सांग की." मी म्हटलं, काही नाही, पॅनेलचे दिवे लावतो. "मग दिवे लाव आणि काटा बघ. हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटा हलला तर टाकी बघायची नसते, अर्थ बघायची असते."

विंडोजची जॉयस्टिक तपासायची खिडकी उघडली. (सिम्युलेटर सुरू न करता आधी इथेच बघायचं असतं. दोन रात्री वाया घालवून मला ते आठवलं!) दांडा पूर्ण मागे ओढलेला. दिवे बंद, तर आकडा शून्य. दिवे लावले, आकडा ४१.

कारण अगदी साधं होतं. पॅनेलमध्ये २० एलईडी, मिळून साधारण ४०० मिलिअँपिअर. तो सगळा करंट ज्या बारीक ग्राउंडच्या वायरने परत जात होता, तिलाच मी पोटेन्शिओमीटरही जोडला होता. वायर आणि तिचे सांधे मिळून अर्धा ओहम रोध. मल्टिमीटरवर ०.२ व्होल्ट दिसलं. पाच व्होल्टचे ते चार टक्के, म्हणजेच आपले ४१. दांडा मागे होता, पण विमानाला वाटत होतं की पायलट अजून थोडा जोर देतोय. ७३७ मध्ये दोन्ही थ्रॉटल आयडलला असल्याशिवाय पंखांवरचे स्पॉयलर आपोआप उघडत नाहीत. ते उघडले नाहीत की वजन पंखांवरच राहतं, चाकांवर येत नाही, आणि ब्रेक नुसतेच घसरतात.

सॉफ्टवेअरमध्ये पाच टक्क्यांचा डेडझोन टाकून मला हे झाकता आलं असतं. बरेच जण तेच करतात. बाबांनी ते करू दिलं नाही. त्यांनी दिव्यांची ग्राउंड वायर वेगळी, जाड, थेट कार्डापर्यंत ओढायला लावली. सोल्डरिंग त्यांनी स्वतः केलं, चष्मा लावून. मी फक्त टॉर्च धरला होता.

त्या रात्री लोहगावला विमान थांबलं. मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे, पोराला सांग." मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

थ्रॉटलचा तो डबा आज बरोबर आणलाय, बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलाय. मुलांना दांडा हलवू द्या, दिव्यांचं बटणही दाबू द्या. चहाचे कप मात्र लांब ठेवा.