गोष्टीतील काळ आणि सांगणाऱ्याची दृष्टी
(उमरेड येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



मूल वहीत गोष्ट लिहिते : "गुराखी रोज रानात जाई. एके दिवशी तो गेला, तर समोर वाघ! गुराखी पळतो, वाघ मागे धावतो. शेवटी वाघ विहिरीत पडला म्हणे." आपण तांबड्या शाईने 'पळतो'चे 'पळाला' करतो व गुण कापतो. असे करण्यापूर्वी थोडे थांबावे.

'जाई' हा रीतिभूतकाळ. तो नित्यक्रम सांगतो. लीळाचरित्राच्या काळी, तेराव्या शतकात, हेच रूप वर्तमानकाळाचे होते. 'गेला' घटना पुढे नेतो. 'पळतो' हे रूप वर्तमानाचे, प्रसंग भूतकाळचा. परंतु त्यामुळे श्रोता प्रत्यक्ष त्या रानात उभा राहतो. आणि 'म्हणे' या एका शब्दाने मूल प्रामाणिकपणे कळविते की, हे मी पाहिले नाही, ऐकले आहे.

काळांची सरमिसळ अनवधानाने झाली असेल, तर ती अवश्य सुधारावी. मात्र आधी मुलास विचारावे : हे केव्हा घडले? कोणी पाहिले? त्याच्या उत्तरावरून चूक कोणती व कौशल्य कोणते, हे आपणांस कळेल. एरवी व्याकरण शिकविताना आपण त्याची गोष्टच पुसून टाकू.