कोबाल्ट-६० : उपयोग आणि सावधगिरी

(नाहूर येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांच्या वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



नाहूरपासून ट्रॉम्बे काही फार दूर नाही. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव निघाले की सामान्य माणसाला प्रथम अणुबाँब आठवतो. परंतु याच ट्रॉम्बेत १९७४ साली ‘आयसोमेड’ हे संयंत्र सुरू झाले आणि इस्पितळांना लागणारे साहित्य वेष्टनासह निर्जंतुक होऊ लागले. ते कार्य करणाऱ्या धातूविषयी आज बोलावयाचे आहे.

कोबाल्ट हा निसर्गात सापडणारा, निळसर झाक असलेला चंदेरी धातू. मुळात तो किरणोत्सारी नसतो. अणुभट्टीत ठेवला असता त्याचा अणू एक न्यूट्रॉन सामावून घेतो आणि कोबाल्ट-६० तयार होते. हे मानवनिर्मित समस्थानिक भेदक गॅमा किरण सोडीत हळूहळू निकेल बनते. सुमारे सव्वापाच वर्षांत त्याची शक्ती निम्मी होते. पुढील सव्वापाच वर्षांत उरलेल्याच्या निम्मी.

या किरणांनी कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार होतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ साली ‘कृषक’ केंद्र उभे राहिले. कांद्याला किरणांची अल्प मात्रा दिली की कोंब फुटत नाहीत. २००७ साली अमेरिकेस गेलेल्या आंब्यावर येथेच प्रक्रिया झाली. असा कांदा खाण्यास भिण्याचे कारण नाही. उन्हात वाळविलेले धान्य अंधारात प्रकाशत नाही, तसा हा कांदाही किरणोत्सारी होत नाही. सडणे आणि वजन घटणे मात्र किरणांनी थांबत नाही, तेव्हा चाळ चांगली हवीच.

आता दुसरी बाजू. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये जे घडले, ते प्रत्येक कार्यालयप्रमुखाने जाणून घ्यावे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पडून असलेले एक यंत्र लिलावात निघाले. भंगारवाल्यांनी त्याचे शिशाचे कवच फोडले आणि आतील कोबाल्टचे तुकडे केले. एकाने तर तुकडा खिशातील पाकिटात ठेवला. अनेकांना इस्पितळात न्यावे लागले, एक कामगार दगावला. यंत्र बंद होते, हे खरे. परंतु बटण दाबून दिवा विझतो, तसे कोबाल्ट विझत नाही. या किरणांना रंग नाही, गंध नाही, स्पर्शही जाणवत नाही. उलट्या होणे, कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडणे, केस गळणे ही लक्षणे मागाहून दिसतात आणि तोवर हानी होऊन गेलेली असते.

म्हणून पिवळ्या पाटीवर तीन पात्यांची खूण, किंवा आकाराच्या मानाने फार जड असे शिशाचे भांडे भंगारात आढळल्यास ते उघडू नये, कापू नये, वितळवू नये. माणसांना दूर करून पोलिसांना कळवावे. अशा साधनांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरात आहे. शिक्षकांनी ही खूण वर्गात फळ्यावर काढून दाखवावी. आणि दवाखान्याचे वा प्रयोगशाळेचे जुने सामान लिलावात काढताना, आतील किरणोत्सारी स्रोत रीतसर परत गेल्याचा कागद पाहिल्याखेरीज अधिकाऱ्यांनी यादीवर सही करू नये.