चिंधी काय सांगते?

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘शाळेत शिकलेली आणि आजही उपयोगी पडणारी एक गोष्ट सांग.’ इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले साहेब आहेत. मी टूलरूममधला माणूस. रविवारी नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या रायफलींची देखभाल करतो. तेव्हा मी रायफलची नळी साफ करण्याबद्दलच बोलणार. हसू नका, मागच्या बाकावरचे!

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आपण सातवीत होतो. जूनमध्ये आठवीत गेलो आणि एनसीसीला नावं दिली. लालबाग-परळच्या आम्हा पोरांना देशसेवेइतकीच परेडनंतरच्या खाण्याचीही ओढ होती. खोटं कशाला बोलू, मलाही होती.

फायरिंगच्या दिवशी .22 रायफलीच्या मोजक्या गोळ्या वाट्याला यायच्या. त्या पाच मिनिटांत संपायच्या. मग उस्ताद आम्हाला ताडपत्रीवर बसवायचे आणि तासभर सफाई चालायची. आधी बोल्ट उघडायचा, चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोट घालून खात्री करायची. मग पुल-थ्रू, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, चेंबरकडून आत सोडायची आणि चिंधी एका दमात पुढच्या तोंडातून बाहेर ओढायची. तीही सरळ. दोरी तोंडाच्या कडेला घासली तर कड झिजते, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करते. शेवटी चेंबरपाशी अंगठ्याचं नख धरायचं, म्हणजे नखावरचा उजेड नळीत पडतो आणि आतल्या पेचदार खाचा दिसतात. एवढं करूनही सुटका नाही. उस्ताद म्हणायचे, “अपनी नली दूसरे को दिखाओ.” शेजाऱ्यानं बघून ‘साफ’ म्हटलं तरच ती साफ.

घरी गेलो की हात काळे असायचे. बाबा साचेवाले. संपामुळे कित्येक महिने त्यांच्या हाताला यंत्राचं तेल लागलं नव्हतं. एकदा त्यांनी माझा हात हातात घेऊन हुंगला आणि विचारलं, “कुठलं तेल देता रे?” मला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी उस्तादांना विचारून आलो. तेव्हापासून सफाईचा कंटाळा गेला.

आता काळ बदलला. आज फेसाळणारा बोअर क्लीनर मिळतो. रायफल मोकळी असल्याची खात्री करायची, बोल्ट काढायचा, बारीक नळकांडं चेंबरला लावून फेस सोडायचा. दाढीच्या साबणासारखा फेस पुढच्या तोंडातून डोकावला की थांबायचं. तोंड जरा खाली करून ठेवायचं, नाहीतर फेस उलटा येऊन ट्रिगरमध्ये आणि लाकडात शिरतो. बाटलीवर लिहिला असेल तेवढाच वेळ थांबायचं. मग रॉडनं कोरड्या चिंध्या, शेवटी तेलाची चिंधी. फेस नळीचा सगळा घेर भरतो आणि दारूची काजळी सैल करतो. रॉड कमी वेळा आत जातो, नळी कमी घासली जाते. चांगली वस्तू आहे, मी वापरतो.

पण या चांगल्या वस्तूनंच माझी फजिती केली. काही वर्षांपूर्वी एका मुलीची निवड स्पर्धा होती. आदल्या संध्याकाळी मी तिची रायफल घेऊन बसलो. फेस सोडला, चिंधी काढली, तर निळी! तांबं विरघळलं की फेस निळा होतो, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, नळीत तांबं साठलंय. पुन्हा फेस, पुन्हा निळी. चार वेळा केलं, ब्रशही मारला. रात्री तेल देऊन समाधानानं झोपलो.

सकाळी तिच्या गोळ्या पांगायला लागल्या. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं असतं. तयारीची आणि नेम जुळवायची 15 मिनिटं तिनं गोळ्या शोधण्यातच घालवली. नळी हळूहळू ताळ्यावर आली, पण तोवर पोरगी खचली होती. निवड हुकली.

घरी येऊन विचार केला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. .303 सारख्या मोठ्या रायफलीच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. मॅचची .22 गोळी उघड्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात. तिच्या नळीत तांबं येणार कुठून? निळा रंग माझ्या रॉडच्या पितळी टोकाचा होता! मी माझंच पितळ विरघळवत होतो आणि नळी मात्र खरवडत होतो. गोळ्या झाडून नळीत बसलेला मेणाचा पातळ थर मी पार धुऊन काढला, आणि सकाळी तेलाचा ओलावा कोरडा करायलाही विसरलो. नळी स्वच्छ होती, पण तयार नव्हती.

मी त्या मुलीकडे आणि तिच्या वडिलांकडे जाऊन सगळं सांगितलं. सोपं नव्हतं. ती इतकंच म्हणाली, “काका, मला बोलवायचं होतंत ना, मी बघितलं असतं.” उस्तादांचाच नियम! शाळेतला तोच धडा मी घाईत आणि बाटलीच्या भरवशावर विसरलो होतो.

आता मी स्पर्धेच्या तोंडावर मोठी सफाई करत नाही. आधी करतो आणि नंतर सरावाच्या गोळ्या झाडू देतो. रॉडचं टोक पितळी वापरत नाही. झाडण्याआधी कोरडी चिंधी फिरवतो. शिशाचा मळ पोटात जाऊ नये म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय चहाही घेत नाही. आणि नळी त्या मुलांनाच बघायला लावतो.

आपल्या भागाचं या खेळाशी जुनं नातं आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत ऑलिंपिकपर्यंत गेल्या. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी याच .22 रायफलीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या पोरांनी रेंजवर पेढे वाटले. मी मात्र त्या दिवशीही चिंध्या कापत बसलो होतो.

आमचे एनसीसीचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तेव्हा आम्हाला वाटायचं, गोळ्या कमी म्हणून तुम्ही आम्हाला सफाईत गुंतवता. आज सांगतो, गोळ्या कुठे लागल्या ते एकही आठवत नाही. नखावरचा उजेड आठवतो, आणि शेजारच्याला नळी दाखवायची सवय आठवते. ती एकदा मोडली, त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. पुन्हा मोडणार नाही.