पदार्थविज्ञानाचा मास्तर व्हायचं आहे?

बारावीला पदार्थविज्ञानात चांगले गुण मिळवणारा मुलगा दिसला, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "काय रे, डॉक्टर का इंजिनिअर?" त्यावर एखाद्यानं "मास्तर होणार" म्हटलं, तर घरात क्षणभर सगळे गप्प होतात. वडील वहिनीकडे पाहतात, आजोबा चष्मा पुसायला लागतात. आजच्या या चार गोष्टी त्या गप्प झालेल्या घरासाठी आहेत.

आपल्या मराठवाड्यात एक काळ असा होता, की पदवी म्हणजे हैदराबाद आणि उस्मानिया विद्यापीठ. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे आज त्याच विद्यापीठाच्या छायेत आहेत. म्हणजे वाट आता दारातून जाते. तरीही मुलं अडखळतात. ती बुद्धीनं कमी पडतात म्हणून नव्हे. पायऱ्यांचा क्रम कुणी नीट सांगत नाही म्हणून.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. नववी-दहावीला 'पदार्थविज्ञानाचा शिक्षक' असं वेगळं पद नसतं. असतो तो विज्ञानाचा शिक्षक. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा आणि भिंगं आहेत, पण त्यांच्याच शेजारी धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगंही आहेत. दुसऱ्या भागात जीवशास्त्र येतं. तेव्हा बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्र असलं, तर पुढे वर्गात हात थरथरत नाही. पदार्थविज्ञान स्वतंत्र विषय म्हणून येतं ते अकरावी-बारावीला, आणि तिथे शिकवायला नुसती बी.एस्सी. पुरत नाही. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. लागते आणि सोबत बी.एड. लागतंच.

आता क्रम सांगतो. बारावी विज्ञान, मग बी.एस्सी., मग बी.एड. बी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के पुरतात. त्याखेरीज राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पूर्वी बी.एड. एका वर्षात होत असे. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. या दोन वर्षांत एकंदर वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. हे वीस आठवडे हजेरीपुरते समजू नका. खरा मास्तर तिथेच घडतो. ज्याला पदवीपासूनच एकत्र शिक्षण हवं, त्यानं भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचीही चौकशी करावी. तिथे महाराष्ट्रातल्या मुलांनाही प्रवेश मिळतो.

पदवी हाती आली म्हणजे नोकरी आली, असं मात्र नाही. सरकारची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ साली प्रथम झाली. तिचे गुण २०० : अभियोग्यतेला १२० आणि बुद्धिमत्तेला ८०. त्या गुणांवर 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून भरती होते. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी आहे. सहावी ते आठवीचे वर्ग घेण्याचीही तयारी असेल, तर तिचा दुसरा पेपर देऊन ठेवावा. एक दार जास्त उघडतं. सुरुवातीला शिक्षण सेवक म्हणून काम करावं लागतं. माध्यमिकचं मानधन २०२३ साली आठ हजारांवरून अठरा हजार केलं गेलं.

आता चुका कुठे होतात ते पाहा. समजा, देगलूरची एक मुलगी आहे. एम.एस्सी. झाली, उत्तम गुणांनी झाली. कनिष्ठ महाविद्यालयात विचारायला गेली तेव्हा कळलं, बी.एड. नाही. पुन्हा दोन वर्षं! घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली. ती दोन वर्षं तिला कोण देणार? दुसरा समजा अहमदपूरचा. त्यानं मान्यता न पाहताच बी.एड.ला पैसे भरले. तेव्हा प्रवेशाआधी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आपल्या डोळ्यांनी पाहा. तिसरी चूक सर्वांत महाग. "जागा देतो, इतके द्या," असं कुणी म्हणालं, तर बापाची जमीन विकायला काढू नका. अनुदानित पदावरच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. ती नसेल, तर हातात राहतो तो कागद. आणि नियम बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल, त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा; शेजाऱ्याच्या पोराच्या अनुभवावर जाऊ नका.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? लातुरात शिकवणीवर्ग आहेत, तिथे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला मान आहे आणि पैसाही आहे. खरं आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या वर्गात येणारं पोर तिथवर पोचलेलं असतं. जे पोचलेलं नाही, ते कुठल्यातरी गावच्या शाळेत दहावीच्या बाकावर बसलेलं आहे. भिंगाचा धडा ते वाचतं, पण भिंग त्यानं हातात धरलेलं नाही. वीस गुणांच्या प्रात्यक्षिकाची वही ते दुसऱ्याची पाहून उतरवतं. 'गणित-सायन्स आपलं काम नाही' हे ते त्याच वर्षी ठरवून टाकतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. जमीन का हलते, दगडमातीची जड भिंत आधी का कोसळते, हे मुलांना समजेल अशा शब्दांत सांगणारा माणूस गावात असणं किती मोलाचं आहे, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. तो माणूस म्हणजे शाळेतला विज्ञानाचा मास्तर.

म्हणून तुमच्या घरातलं पोर "मास्तर होणार" म्हणालं, तर गप्प बसू नका. त्याला एवढंच विचारा : "बी.एस्सी.ला विषय कोणते घेतोस?" तिथून पुढची वाट तुम्ही दोघं मिळून पाहा.