गोळीच दुखणं वाढवते तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. गिरणीत उभं राहून कंबर धरलेला कामगार आहे. पण वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या खात्यातला एक सोबती मणक्याच्या ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल घेऊ लागला. आधी एक गोळी, मग दोन, मग चार. अशी काही वर्षं गेली. कंबरेचं दुखणं खांद्यापर्यंत पसरलं. अंगावर चादर पडली तरी ओरडायचा. घरचे म्हणाले, "नाटकं करतो." मीही तेच म्हणालो. त्याची आज लाज वाटते.

ते नाटक नव्हतं. मॉर्फीन अफूपासून निघतं, ट्रॅमाडॉल कारखान्यात बनतं. पण दोघांची जात एकच. ही औषधं फार दिवस घेतली की काही जणांच्या मज्जातंतूंवर उलटा परिणाम होतो. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून आपण तिला फडकं बांधावं, आणि शरीराने ती इतकी हलकी करावी की वाऱ्यानेही वाजावी, तसं हे आहे. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांना मॉर्फीनच्या इंजेक्शनांबद्दल ही शंका १८७० सालीच आली होती.

ओळखायचं कसं? नुसती सवय झाली असेल तर मात्रा वाढवल्यावर आराम पडतो. इथे मात्रा वाढवली की दुखणंच वाढतं. मात्र मूळ आजार तर बळावला नाही ना, हे डॉक्टरांनी आधी तपासलं पाहिजे.

उपाय म्हणजे मात्रा हळूहळू उतरवणे. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्याची मात्रा महिन्याला दहावा हिस्सा किंवा त्याहूनही सावकाश कमी करावी, असं अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ साली सांगितलं. काहींना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फीन किंवा मेथाडोनवर नेतात. जोडीला दुसऱ्या जातीची औषधं आणि व्यायाम असतो. एकदम बंद करू नका; घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. आणि कमी केल्यावर पुन्हा जुनी मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो.

कॅन्सरच्या रुग्णाचं मॉर्फीन मात्र कोणी भीतीने तोडू नये. ते त्याला मिळालंच पाहिजे.

आमच्या सोबत्याची गोळी उतरवायला कित्येक महिने लागले. दुखणं सगळं गेलं नाही, पण आता चादर अंगावर घेऊन झोपतो. म्हणून सांगतो, घरात कोणी "दुखतंय" म्हणालं तर आधी विश्वास ठेवा, मग सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा.