मॉरिशसची झाकरी



कोकणातल्या भजनी मंडळांबरोबर पखवाज वाजवत मी बरीच वर्षं फिरतो आहे. त्यातूनच एकदा गणपतीच्या दिवसांत मॉरिशसला जाणं झालं. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गावोगावच्या मिरवणुका नदीकडे, समुद्राकडे निघतात आणि गणपतीपुढे जाखडी नाचतात. तिथे तिला झाकरी म्हणतात. मध्ये वाजवणारे, भोवती फेर, गाणं मराठी. ही जाखडीच, हे रत्नागिरीकडच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

फेर मोडला की हीच मंडळी आपापसात क्रिओल बोलू लागतात. इथे आपल्याकडचा पाहुणा हळहळतो, “पोरं मराठी विसरली हो!” मला ही हळहळ पटत नाही. 1834 पासून भारतातून करारावरचे मजूर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेले. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, तो आज जागतिक वारसा आहे. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक थोडे. शेजारी भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे, मळ्याचा मालक फ्रेंच बोलणारा, कचेरी इंग्रजीत. या सगळ्यांत रोजच्या व्यवहाराला क्रिओलच उपयोगी पडली. गाण्याला मात्र ठरलेला सण होता, देव होता, फेर धरायला माणसं होती. म्हणून ते टिकलं, असं मला वाटतं. जे टिकलं ते केवढं आहे, हे आधी बघावं.

तिथल्या जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरात बोलायची भाषा असे दोन वेगळे प्रश्न विचारत आले आहेत. एकाला मराठी आणि दुसऱ्याला क्रिओल असं उत्तर देणारा माणूस दोन्हीकडे खरंच सांगत असतो.

तिथल्या भजनाच्या तालमीला एक तरुण यायचा. त्याच्या वहीत अभंग रोमन लिपीत उतरवलेले, तेही फ्रेंच वळणाने. ‘उ’साठी ‘ओ’ आणि ‘यू’ ही जोडी. मराठीत एक अख्खं वाक्य बोलताना तो अडखळायचा. पण मी पखवाजाला कणीक लावून ठेका धरला, तोंडाने बोल म्हटले, की तो ते ठायीत आणि दुगुणीत स्वच्छ म्हणून दाखवायचा. गजर चढला की झांज बरोबर जागेवर. त्याला कुणी “तू मूळचा आमचाच” म्हटलं, की तो नम्रपणे हसून सांगायचा, “मी मॉरिशसचा.” 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झालेला त्याचा देश आहे, त्याचं राष्ट्रगीत इंग्रजीत आहे, आणि त्या देशाचा नागरिक म्हणूनच तो गणपतीपुढे मराठीत गातो. त्याच्या मराठीपणावर आपण आपल्या देशाचा शिक्का मारू नये. आणि त्याचे उच्चार तपासायला तर मुळीच जाऊ नये.

त्याला हवा होता तो अर्थ. प्रत्येक ओळीपाशी थांबून तो विचारायचा, हे कुणाला उद्देशून आहे, इथे आवाज का चढवायचा. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात, शाळांतही शिकवतात. पण चाल आणि अर्थ एकत्र समजावणारा गाणारा माणूस तिथे हवा आहे.

कोकणातल्या जाखडी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमची गाणी अर्थासकट ध्वनिमुद्रित करून तिकडे पाठवा आणि त्यांची मागवून घ्या. इथे कुणी गात नाही अशी एखादी जुनी चाल त्यांच्याकडे असण्याचा संभव आहे. ती ओळखू शकतील असे म्हातारे शाहीर अजून आपल्या गावांत आहेत, तोवरच हे काम व्हायला हवं.