फी माफ झाली, आता मुलगी कॉलेजात पोचवू या

आम्ही लालबाग-परळच्या बचत गटातल्या बायका. आज बोलायचं आहे मुलींच्या कॉलेजच्या फीबद्दल.

महाराष्ट्र शासनाने 8 जुलै 2024 रोजी एक निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मीच माफ होती. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, शेतकी असे कोर्स यात येतात. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांमुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत.

आमच्या बैठकीत यावर चांगलाच वाद झाला. कुणी म्हणालं, फुकटाची किंमत राहत नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या लेकीचा खर्च आपण का उचलायचा?

बायांनो, फुकट काहीच नसतं. कुणीतरी भरतंच. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं. त्याला 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली. ठाकरसी मुंबईचे गिरणीमालक. म्हणजे त्या पैशात गिरणीत राबणाऱ्यांचाही घाम होता. पण त्या कामगारांच्या लेकी कॉलेजपर्यंत क्वचितच पोचल्या. आज साबण, चपला, मोबाइलचं रिचार्ज घेताना कर आपण सगळ्याच भरतो. मग त्या पैशातून आपली लेक शिकली, तर ते उपकार नव्हेत.

आणि दुसऱ्याची लेक शिकली तर आपल्याला काय? गावाकडून पेशंट घेऊन तुम्ही परळच्या केईएमला येता. तिथलं मेडिकल कॉलेज 1926 पासून महापालिका चालवते. लोकांच्या पैशातून शिकलेले डॉक्टर तिथे लोकांनाच तपासतात.

फी नसेल तर काय होतं, हे गिरणगावाने पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरोघरी पगार थांबला. एकाचीच फी भरता येणार असेल, तर ती मुलाची भरली की मुलीची, हे आमच्या चाळींतल्या थोरल्या बायकांना विचारा. फी माफ हवी ती यासाठी. घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री मुलीच्या शिक्षणाला लागते.

पण फी माफ झाली म्हणजे कॉलेज मोफत झालं, असं समजू नका. वसतिगृह, जेवण, पुस्तकं, प्रवास आणि कॉलेजचे इतर आकार राहतातच. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला कॉलेजने आधी सगळी फी भरायला सांगितली. गटाच्या कर्जातून तिने ती भरली. खरं तर पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ही फी मागू नये, असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. तेव्हा फी मागितली, तर नकार लेखी द्या म्हणावं आणि अर्ज घेऊन वरच्या कार्यालयात जावं. एकटीने जाऊ नका, गटातल्या चौघी मिळून जा.

आता गटाने काय करायचं? बारावीतल्या मुलींची यादी आत्ताच करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवासाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, कारण निकालानंतर तहसीलला रांगा लागतात. मुलीचं बँक खातं आधारला जोडा. महाडीबीटीवर अर्ज भरा आणि तो दर वर्षी पुन्हा भरायचा असतो, हे विसरू नका. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचीही चौकशी करा. उरलेल्या खर्चासाठी गटात शिक्षणाचं कर्ज वेगळं ठेवा, व्याज कमी लावा.

याच भागात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँक तेव्हाही होती, पण तिच्या दारापर्यंत बायकांना कुणीतरी न्यावं लागलं. सवलतीचंही तसंच आहे. सरकारने फी माफ केली. मुलीला कॉलेजच्या दारापर्यंत नेणं आपल्या हातात आहे.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी मुलींची यादी वाचा.